ब्रेस, शस्त्रक्रिया आणि मधली दीड-दोन वर्षे

पत्र : माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत शिकते. कपडे शिवायला टाकले तेव्हा शिंपीणबाईंनी दाखवले की तिचा उजवा खांदा वर आहे आणि खाली वाकल्यावर पाठीची उजवी बाजू उंच दिसते. पुण्याला नेले, तेव्हा स्कोलिओसिस, म्हणजे कणा एका बाजूला वाकणे, असल्याचे निदान झाले. छातीच्या भागातला बाक ३३ अंशांचा होता, म्हणून डॉक्टरांनी ब्रेस, म्हणजे बाक आवरण्यासाठी धडावर घालायचा कडक पट्टा, दिला. चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तर ३६ अंश आले. रिपोर्टवर ‘रिसर १’ असे लिहिले आहे. तिला पाळी येऊन पाच महिने झाले. शाळेत ब्रेस घालायला ती मुळीच तयार नाही. रात्री पाच-सहा तास कसाबसा ठेवते. दुसरे डॉक्टर म्हणाले की ब्रेसने काही होत नाही, शेवटी ऑपरेशनच करायचे आहे तर आत्ताच उरकून टाका. सासूबाईंना हाडवैद्याकडे न्यायचे आहे. न्यू जर्सीतल्या दिरांनी मणके न जोडता दोरीने बाक ओढण्याच्या नव्या ऑपरेशनची माहिती पाठवली आहे. ओळखीतल्या एका बाईंचे १९८२ साली असेच ऑपरेशन झाले होते. त्या कित्येक महिने प्लास्टरमध्ये होत्या आणि आजही त्यांना नीट वाकता येत नाही. ऑपरेशनमध्ये पाय जाण्याची भीती किती? पुढे लग्न, मूलबाळ यांचे काय? संशोधन खरोखर काय सांगते? दप्तराच्या ओझ्याने हे झाले का, माझेच दुर्लक्ष झाले का, या विचाराने झोप लागत नाही. दोन्ही वेळा मुलीला बाहेर बसवूनच आम्ही डॉक्टरांशी बोललो. तिला पूर्ण कल्पना दिलेली नाही.
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातला शेवटून दुसरा मुद्दा मी आधी घेतो, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचे काही शांतपणे वाचता येणार नाही. दप्तराने, वाकडे बसण्याने, एका कुशीवर झोपण्याने किंवा दूध कमी प्यायल्याने हा बाक येत नाही. कुमारवयात वरकरणी कोणत्याही कारणाशिवाय येणारा हा स्कोलिओसिस शंभरातल्या दोन-तीन मुलांमध्ये आढळतो. आनुवंशिकतेचा त्यात निश्चित वाटा असतो. लहान बाक मुलांत आणि मुलींत जवळपास सारखेच आढळतात, पण वाढत जाऊन उपचारांची गरज पडणारे बाक मुलींमध्येच कितीतरी अधिक असतात. हा बाक दुखत नाही आणि कपड्यांखाली झाकला जातो, त्यामुळे तो बहुधा घरच्यांच्या नव्हे, तर शिंपिणीच्या किंवा पोहणे शिकवणाऱ्या बाईंच्याच नजरेला पडतो. यात तुमचे दुर्लक्ष नाही.

आता ३३ आणि ३६ या आकड्यांकडे वळू, कारण तुमच्या घरातली सगळी घबराट या तीन अंशांतून उभी राहिलेली दिसते. बाक मोजण्याची आजची पद्धत न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली. बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला सर्वांत जास्त कललेले जे मणके असतात, त्यांच्या कडांवरून रेषा ओढून त्यांच्यातला कोन मोजायचा, अशी ती सोपी पद्धत आहे. मात्र तोच एक्स-रे दोन अनुभवी डॉक्टरांनी मोजला, तरी उत्तरात तीन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. म्हणूनच संशोधनात साधारणपणे पाच-सहा अंशांहून कमी फरकाला ‘बाक वाढला’ असे म्हणत नाहीत. तुमच्या मुलीचा बाक वाढला नाही असे मी म्हणत नाही. तो वाढला हे या दोन एक्स-रेंवरून सिद्ध होत नाही, एवढेच सांगतो. दोन्ही फिल्म एकाच डॉक्टरांसमोर शेजारी-शेजारी ठेवून, तेच मणके धरून पुन्हा मोजून घ्या. पुढचे एक्स-रे पाठीकडून किरण जातील असे काढायला सांगा, म्हणजे छातीला कमी किरणे लागतात.

अंशांपेक्षा मला ‘रिसर १’ हे दोन शब्द महत्त्वाचे वाटतात. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर हाड किती धरले आहे, यावरून वाढ किती उरली ते ठरवण्याची ही खूण आहे. शून्य म्हणजे बरीच वाढ बाकी, पाच म्हणजे वाढ पूर्ण. पाळी नुकती सुरू झालेली आणि रिसर १ म्हणजे सर्वांत वेगाची वाढ बहुधा होऊन गेली असली, तरी अजून दीड-दोन वर्षे कणा वाढत राहणार आहे. बाक वाढण्याचा धोका याच काळात असतो आणि ब्रेसचा उपयोगही याच काळात होतो. वाढ थांबल्यावर ब्रेस लावण्यात काही अर्थ उरत नाही.

“ब्रेसने काही होत नाही” हे मत २०१३ पूर्वी जबाबदार डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळत असे आणि तेव्हा ते अगदीच निराधार नव्हते, कारण तोवरचे पुरावे कच्चे होते. त्या वर्षी स्टुअर्ट वाइनस्टीन आणि लोरी डोलन यांच्या पुढाकाराने अमेरिका व कॅनडातल्या २५ संस्थांत झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा ते पंधरा वर्षांची, वाढ शिल्लक असलेली आणि २० ते ४० अंशांचा बाक असलेली २४२ मुले त्यात होती, म्हणजे नेमकी तुमच्या मुलीसारखी. मूळ बेत सगळ्यांचा उपचार चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवण्याचा होता, पण बहुतेक आईवडील त्याला राजी होईनात. अखेर ११६ जणांचा गट चिठ्ठीने ठरला आणि १२६ कुटुंबांनी आपला उपचार स्वतः निवडला. आपल्या लेकराचा उपचार चिठ्ठीवर सोडणाऱ्या त्या आईवडिलांमुळेच आज आपण हे ठामपणे बोलू शकतो, हे मला नेहमी आठवते. वाढ पूर्ण होईपर्यंत बाक ५० अंशांच्या आत राहिला तर यश, अशी कसोटी होती. सगळ्यांचा मिळून हिशेब केला, तेव्हा ब्रेसवाल्यांत ७२ टक्के आणि नुसते लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के यश आले. चिठ्ठीने ठरलेल्या गटात तेच आकडे ७५ आणि ४२ होते. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण उरलेल्या मुलांना ब्रेसविना ठेवणे योग्य ठरले नसते.

हेच आकडे उलट बाजूनेही वाचले पाहिजेत. ब्रेस न घालताही जवळपास निम्म्या मुलांचा बाक ५० पर्यंत गेला नाही, म्हणजे काही मुलांनी ब्रेस विनाकारण सोसला. आणि ब्रेस घालूनही चौघांतल्या एकाचा बाक पुढे गेलाच. ज्यांचा बाक सुरुवातीलाच मोठा होता, त्यांना यशाची शक्यता कमी होती. तुमच्या मुलीचे ३६ अंश त्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ आहेत, हे मी लपवणार नाही.

मात्र त्या अभ्यासातली एक गोष्ट तुमच्या पत्राला थेट लागू पडते. मुलांच्या ब्रेसमध्ये तापमान टिपणारे बारीक यंत्र बसवले होते, त्यामुळे ब्रेस खरोखर किती तास अंगावर होता ते कळले. रोज १८ तास घालण्याची सूचना होती. प्रत्यक्षात कोणी तेवढा घातला, कोणी फारच थोडा. ज्यांचा ब्रेस सरासरी शून्य ते सहा तासच अंगावर होता, त्यांचे यश ४१ टक्के, म्हणजे ब्रेस न लावलेल्यांइतकेच. ज्यांनी सरासरी १२.९ तासांहून अधिक घातला, त्यांचे यश ९० ते ९३ टक्के. तासांचा गट मात्र चिठ्ठीने ठरलेला नव्हता. नेमाने ब्रेस घालणारी मुले इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, म्हणून ९० टक्के ही हमी समजू नका. तरीही चित्र पुरेसे बोलके आहे. तुमच्या मुलीने ब्रेस पाच-सहा तास घातला आणि तुम्ही ‘ब्रेसचा उपयोग झाला नाही’ असे म्हणता, तेव्हा खरे तर ब्रेसची परीक्षाच अजून झालेली नाही. दुसऱ्या डॉक्टरांना तासांचा हा हिशेब कोणी सांगितला होता का?

म्हणून माझा सल्ला असा, की शस्त्रक्रियेचा निर्णय बाजूला ठेवून पुढचे सहा महिने ब्रेसचे तास तेरा-चौदापर्यंत नेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करा. याचा अर्थ शाळेतल्या भांडणाला हात घालावाच लागेल असा नाही. शाळेतून आल्यापासून दुसऱ्या दिवशी आंघोळीला जाईपर्यंत ब्रेस अंगावर राहिला, तर संध्याकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत चौदा तास भरतात आणि वर्गात कोणाला कळतही नाही. खेळायला जाताना तो काढायला हरकत नाही. खेळ मात्र बंद करू नका. आत घट्ट, शिवण नसलेला सुती बनियन घालायला द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने कातडी सोलवटते आणि ब्रेस नकोसा होण्याचे निम्मे कारण तेच असते. आणि ब्रेस बनवणाऱ्यांकडे पुन्हा जा. चार महिन्यांत मुलगी वाढली असेल. ब्रेस लावून एक एक्स-रे काढला, तर तो बाक किती आवरतो ते दिसते. जो ब्रेस अंगावर असतानाही बाक जेमतेमच कमी करतो, तो तासन्‌तास घालण्याची सक्ती करणे अन्यायाचे आहे.

खास रात्रीसाठी केलेला ब्रेस हा वेगळा प्रकार असतो. तो कण्याला उलट बाजूने अधिक जोराने दाबतो, म्हणून आठ तासांत काम करतो. स्वीडनमध्ये १३५ मुलांचे चिठ्ठीने तीन गट करून त्याची तुलना स्कोलिओसिसच्या खास व्यायामांशी आणि साध्या शारीरिक हालचालीशी केली गेली. सहा अंशांहून अधिक वाढ न होणे ही तिथली कसोटी होती. तीत रात्रीच्या ब्रेसचे ४५ पैकी ३४ जण उतरले, खास व्यायामांचे २६ आणि साध्या हालचालीचे २४. दिवसाचा ब्रेस तिला कोणत्याच प्रकारे झेपत नसेल, तर याविषयी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. पण दिवसासाठी केलेला ब्रेस नुसता रात्री घालणे म्हणजे रात्रीचा ब्रेस नव्हे.

त्याच अभ्यासातून योगासने आणि व्यायाम यांच्याविषयीचे उत्तरही निघते. व्यायामाने ताकद राहते, श्वास चांगला राहतो, मन प्रसन्न राहते. मात्र वाढत्या वयात ब्रेसची जागा त्याने भरून निघत नाही. हाडवैद्याच्या बाबतीत मी स्पष्टच ‘नको’ म्हणतो. फिरलेला आणि कललेला कणा दाबून, झटका देऊन सरळ होत नाही. सासूबाईंची तळमळ खरी आहे. त्यांना एक्स-रे दाखवून मणके कसे फिरले आहेत ते समजावून सांगा.

“शेवटी ऑपरेशनच” हे वाक्यही तपासून पाहू. वाढ पूर्ण होताना बाक ३० अंशांच्या आत असेल, तर पुढे आयुष्यभर तो सहसा वाढत नाही. छातीतला बाक ५० च्या पुढे गेला, तर वाढ थांबल्यावरही वर्षाला साधारण एक अंश या गतीने तो सरकत राहतो. हे आपल्याला आयोवा विद्यापीठातल्या वाइनस्टीन आणि इग्नासिओ पोन्सेटी यांच्या १९८३ च्या अभ्यासामुळे कळले. (जन्मतः वाकड्या पावलांवरच्या प्लास्टरच्या उपचाराला ज्यांचे नाव आहे, ते हेच पोन्सेटी.) म्हणून ४५-५० अंशांच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. ३६ अंशांवर, आणि तेही ब्रेसचे पुरेसे तास न होता, मणके कायमचे सांधून टाकण्याची घाई करण्यासारखे मला यात काही दिसत नाही.

आणि बाक तसाच राहिला, तर काय होते? आयोवातच १९३२ ते १९४८ या काळात निदान झालेल्या आणि कोणताही उपचार न घेतलेल्या ११७ जणांना पन्नास वर्षांनी पुन्हा तपासले गेले. तो अहवाल २००३ सालचा. ते इतरांइतकेच जगले होते. जुनाट पाठदुखी त्यांच्यात ६१ टक्क्यांना होती आणि तुलनेच्या गटात ३५ टक्क्यांना, मात्र दुखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जण ते दुखणे थोडे किंवा मध्यम सांगत होते. दम लागण्याचा त्रास प्रामुख्याने ८० अंशांच्या पुढच्या बाकात होता. त्याआधी १९६८ साली स्वीडनमधून आलेल्या अहवालांनी फार भीतिदायक चित्र उभे केले होते, पण पोलिओने, जन्मजात दोषाने आणि इतर कारणांनी आलेले बाक तेव्हा एकाच गाठोड्यात बांधले गेले होते. ‘ऑपरेशन केले नाही तर मुलगी जगणार नाही’ असे आजही कोणी म्हणत असेल, तर त्या म्हणण्याची मुळे तिथे आहेत.

आता शस्त्रक्रियेविषयी. उद्या ब्रेस नेमाने घालूनही बाक पन्नाशीकडे गेला, तर ती करावी लागेल आणि तेव्हा भीतीने मागे हटू नये, म्हणून हे आत्ताच नीट समजून घ्या. तुमच्या ओळखीच्या बाईंच्या पाठीत बहुधा हॅरिंग्टन रॉड, म्हणजे कण्याला लावलेली धातूची दांडी, असावा. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओच्या साथीनंतर वाकलेल्या पाठींसाठी तो तयार केला आणि १९६२ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. वर आणि खाली अशा दोनच टोकांना आकडे अडकवून कणा ताणला जात असे. पकड मजबूत नसल्याने पुढे कित्येक महिने प्लास्टर लागे, आणि ताणण्याच्या नादात कमरेचा नैसर्गिक खळगा सपाट होई. वाकता न येण्याचा त्रास तिथून येतो. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये कोत्रेल आणि द्युबुसे यांनी अनेक ठिकाणी पकडणारी दोन रॉडची पद्धत आणली. त्यानंतर मणक्यांत थेट स्क्रू बसवण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे बाक साधारणपणे ६० ते ७० टक्के कमी होतो, प्लास्टर लागत नाही, मुलगी एक-दोन दिवसांत उभी राहते आणि महिना-दीड महिन्यात शाळेत जाऊ शकते. त्या बाईंचा अनुभव खरा आहे, पण तुमच्या मुलीच्या वाट्याला येणारी शस्त्रक्रिया ती नाही.

पाय जाण्याची भीती सर्वांत मोठी, म्हणून तीवर थोडे अधिक लिहितो. जगभरच्या कणाशल्यविशारदांच्या ‘स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी’ने आपल्या सदस्यांकडून गोळा केलेली माहिती २००६ आणि २०११ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या अहवालात अशा स्कोलिओसिसच्या ६,३३४ शस्त्रक्रियांत ५.७ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली आणि दोन मृत्यू झाले. दुसऱ्यात मज्जारज्जू किंवा नसांना नवी इजा होण्याचे प्रमाण या प्रकारात एक टक्क्याहून कमी होते. त्यातही पायांची शक्ती कायमची पूर्ण जाणे हे आणखी विरळ. ही माहिती शल्यविशारदांनी स्वतःच दिलेली आहे, म्हणून प्रत्यक्ष प्रमाण थोडे अधिक असू शकते, असे मी धरून चालतो. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या स्तान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या मध्येच जागे करून पाय हलवायला सांगण्याची चाचणी मांडली होती. आज मज्जारज्जूतून जाणारे विद्युतसंदेश शस्त्रक्रिया चालू असताना सतत तपासले जातात आणि संदेश मंदावला तर ओढ सैल करता येते. हे तपासण्याची सोय आणि ते वाचणारा प्रशिक्षित माणूस जिथे नसेल, तिथे मुलीची शस्त्रक्रिया करू नका. खर्च वाचतो म्हणूनही नको.

फायद्याच्या बाजूनेही अपेक्षा नेमक्या असू द्या. मणके सांधण्याचा पहिला हेतू बाक पुढे जाऊ न देणे हा आहे. ‘एसआरएस-२२’ नावाची बावीस प्रश्नांची प्रश्नावली शस्त्रक्रियेआधी आणि नंतर मुलांकडून भरून घेतात. वेदना, हालचाल, मनःस्थिती आणि स्वतःच्या दिसण्याविषयीचे समाधान असे तिचे भाग आहेत, आणि सर्वांत ठळक सुधारणा दिसण्याविषयीच्या भागात होते. पाठदुखी कायमची जाईल म्हणून शस्त्रक्रिया केली, तर निराशा पदरी येऊ शकते. सांधलेला भाग पुन्हा वाकत नाही आणि वाढतही नाही; सांधा कमरेत जितका खाली जाईल, तितके वाकणे कमी होते. आणि हे जाणून ठेवा की एखाद्या उपचाराचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या समीक्षेला शस्त्रक्रिया व बिनशस्त्रक्रिया यांची चिठ्ठी टाकून केलेली एकही योग्य तुलना सापडली नाही. शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. आपण तिच्याविषयी जे बोलतो ते रुग्णांच्या दीर्घकाळच्या नोंदींवर उभे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अशा नोंदींतली एक तुम्हाला दिलासा देईल. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये डॅनियल्सन आणि नाखेमसन यांनी हॅरिंग्टन रॉडने किंवा ब्रेसने उपचार झालेल्यांना वीस-बावीस वर्षांनी भेटून तपासले. पाठदुखी त्यांच्यात थोडी अधिक होती, पण रोजचे जीवन इतरांच्या जवळपास होते आणि स्त्रियांना झालेल्या मुलांच्या संख्येत फरक नव्हता. मूल होण्याला ना बाक आड येतो, ना शस्त्रक्रिया. कमरेच्या खालपर्यंत मणके सांधले असतील, तर बाळंतपणात पाठीतून भूल देणे अवघड जाऊ शकते. ते भूलतज्ज्ञाला आधी सांगून ठेवायचे, इतकेच.

दोरीच्या शस्त्रक्रियेत मणक्यांच्या बाहेरच्या फुगीर बाजूला स्क्रू लावून लवचिक दोरी ताणतात, म्हणजे उरलेल्या वाढीतूनच बाक सरळ होत जावा. कल्पना मला आवडते. अमेरिकेत ऑगस्ट २०१९ मध्ये तिला परवानगी मिळाली, ती मात्र थोड्या रुग्णांसाठीच्या साधनांच्या सवलतीखाली, जिथे परिणामकारकतेचा नेहमीचा भक्कम पुरावा मागितला जात नाही. आणि ब्रेसने भागले नाही किंवा तो सहन झाला नाही, अशाच मुलांसाठी. दोरी तुटणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया लागणे हे मणके सांधण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक घडते. दिरांना कळवा की तिचा विचार करण्याआधी ब्रेसचे तास पूर्ण व्हायला हवेत.

लग्नाचा प्रश्न तुम्ही विचारलात. तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीविषयी घरात त्या अंगाने बोलणे आजच बंद करा. ती दाराबाहेर असली, तरी तिच्या कानावर ते पडते आणि ब्रेस म्हणजे आपल्यातल्या उणिवेची जाहिरात आहे असे तिला वाटू लागते. मग ती तो शाळेत का घालेल? तिला एक्स-रे दाखवा. तासांचे आकडे, सहा तासांचे आणि तेरा तासांचे, तिच्यासमोर ठेवा. आठवीतल्या मुलीला टक्केवारी येते. कोणत्या वेळी ब्रेस घालायचा, कोणत्या मैत्रिणीला सांगायचे आणि कोणाला नाही, हे तिला ठरवू द्या, आणि रोजचे तास लिहायला तिला एक वही द्या.

मधल्या काळात पाय जड वाटणे, मुंग्या येणे, चालताना अडखळणे, लघवीवरचा ताबा जाणे किंवा रात्री झोपमोड करणारे पाठदुखणे यांतले काहीही आढळले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. अशा वेळी एमआरआय लागतो. एरवी चार ते सहा महिन्यांनी जाताना दोन्ही जुने एक्स-रे, ब्रेस आणि ती वही सोबत न्या, आणि या वेळी बोलणे सुरू होण्याआधी मुलीला डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसवा.